उचलून नेता येणार नाही असं काही

नोकरीची शेवटची वर्षं मला सिकंदराबादला मिळाली. युनिट छावणीत आणि घर अंबरपेठला, सायकलवरून जाता येईल इतकं जवळ. फौजेत असं नशीब फार थोड्यांना लाभतं. त्याआधी राजस्थान, आसाम आणि जम्मूकडचा डोंगर असं बरंच फिरून झालं होतं आणि मी थकलो होतो. आमच्या आजोबांनी नांदेडकडची शेती भावाच्या हवाली करून निजामाच्या काळातच हैदराबाद गाठलं. तेव्हापासून आम्ही घरात मराठी, गल्लीत दखनी आणि बाजारात तेलुगू बोलतो. पोस्टिंगचा कागद हातात पडला तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "आता तरी ट्रंक कॉटखाली सरकवा."

मी इंजिनियर्सच्या एका कंपनीत क्वार्टरमास्टर हवालदार होतो. म्हणजे कंपनीचं कोठार माझ्या ताब्यात. दोर, फावडी, कंदील, ताडपत्र्या, बूट, ब्लँकेटं, रबरी बोटी. पहाटे पीटी, मग फॉल इन, म्हणजे उंचीनं रांगेत हजेरी, मग दिवसभर स्टोअर. आलेला माल तपासून घ्यायचा हे माझं काम. दोर आला की पीळ उलगडून आतले धागे बघायचे. बादली आली की कडी जिथं जोडलेली असते ती जागा बघायची, कारण बादली तिथंच तुटते. बुटाचा तळवा वाकवून बघायचा. याला काही मोठी अक्कल लागत नाही, कंटाळा न करता रोज तेच करावं लागतं, इतकंच.

बाजार नुकताच खुला झाला होता. आबिद्सच्या दुकानांत दर महिन्याला काहीतरी नवं दिसायचं. मिक्सर, इस्त्र्या, टेपरेकॉर्डर, रंगीत टीव्ही, सगळं चकचकीत आणि हलकं. रजेवर निघालेल्या जवानाला घरी काहीतरी न्यायचं असे, मग तो माझ्याकडे येई. "उस्ताद, चलो ना बाजार." मी जात असे. वस्तू पुढून कमी आणि मागून जास्त बघायची, ही माझी पद्धत. मागे स्क्रू आहेत का? जी वस्तू उघडता येते तीच दुरुस्त होते. नुसती चिकटवून बंद केलेली असेल तर बिघडल्या दिवशी फेकून द्यायची. दुसरा प्रश्न, हिचा सुटा भाग याच शहरात मिळतो का? दुकानदार इकडंतिकडं बघायला लागला की आम्ही पुढच्या दुकानात.

या फेऱ्यांमध्ये लान्स नायक उत्तम सोनकांबळे बऱ्याचदा बरोबर असायचा. तो अंबरपेठचाच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. कुटुंब बौद्ध, मूळचं परभणीकडचं. वडील नागोराव रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, तेव्हा नुकतेच रिटायर झालेले. घरात आई-वडील, धाकटा भाऊ दिलीप, उत्तमची बायको सुनंदा आणि तीन वर्षांची मुलगी. रविवारची सुट्टी मिळाली की आम्ही दोघं बरोबरच घरी निघायचो. तो स्वतः कधी काही विकत घ्यायचा नाही. दुसऱ्यांच्या खरेदीत मात्र त्याला मजा वाटे. एकदा मी स्टोव्हची टाकी उलटी करून बघत होतो तर म्हणाला, "उस्ताद, तुम्ही स्टोव्ह नाही, नवरी बघायला आल्यासारखं करता."

पावसाळा सरत आला होता. सलग पाऊस झाला आणि शहराच्या पूर्वेकडच्या एका तलावाचा बांध फुटला. खालच्या वस्तीत पाणी शिरलं. सिव्हिलनं, म्हणजे कलेक्टर कचेरीनं, फौजेची मदत मागितली. आम्ही दुपारच्या जेवणाला बसलो होतो तेव्हा शिट्टी झाली. ताटं तशीच राहिली.

कंपनी कमांडर मेजर साहेब लंगरच्या दारात उभे होते.

"दो सेक्शन. बोट, रस्सी, फर्स्ट एड. जाधव, रस्सी कौन सी है?"

"मनिला है साब. नई. मैंने खुद खोलके देखी है."

"चढाओ."

वस्तीत पोचलो तेव्हा गल्ल्यांमधून पाणी पळत होतं. बोट घातली, तर ती दोन घरांच्या मध्ये आडवी होऊन अडकली. पलीकडे एका पत्र्याच्या कारखान्याच्या छपरावर माणसं बसली होती. बायका, पोरं, काही म्हातारे. मी दोरांबरोबर ट्रकपाशी होतो. वायरलेस सेटवरही मीच होतो, पलीकडून कंपनी विचारत होती.

"अल्फा, रिपोर्ट. ओव्हर."

"छत पर बीस के करीब लोग. करंट तेज है. बोट नहीं जाएगी. रस्सी डाल रहे हैं. ओव्हर."

दोर घेऊन उत्तम गेला. कमरेला बांधून भिंतीच्या कडेकडेनं तो छपरापर्यंत पोचला आणि दोर खांबाला आवळला. मग एकेकाला घेऊन दोराच्या आधारानं येरझाऱ्या सुरू झाल्या. आधी मुलं, मग बायका. त्याच्याबरोबर आणखी दोघं होते. काम नीट चाललं होतं. घाई नव्हती, आरडाओरडा नव्हता. ड्रिलमध्ये शिकवतात तसंच.

त्या वाटेवर एका गोदामाची उंच भिंत होती. भिंतीमागे पाणी साठत गेलं होतं आणि पुढून ते दिसत नव्हतं. उत्तम एका म्हातारीला अलीकडे पोचवून परत निघाला होता. भिंत एकदम त्याच्यावर कोसळली. दुसरे दोघं त्या वेळी छपरावर होते, म्हणून वाचले.

भिंत नवी होती, त्याच वर्षी बांधलेली. तिला लागूनच एक जुनी दगडी भिंत होती, तिला काही झालं नाही.

त्याला विटांखालून काढलं तेव्हा दोर कमरेला तसाच होता. मी सेटवर होतो, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

"एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"नाम? ओव्हर."

"लान्स नायक सोनकांबळे. ओव्हर."

"रॉजर. काम जारी रखो. आउट."

काम चालू ठेवलं. छपरावरच्या सगळ्यांना अंधार पडायच्या आत खाली आणलं. ट्रक त्यांना एका शाळेत सोडून आले. त्या गडबडीत कोणी कोणाचं नाव विचारलं नाही.

पेन्शनचे सरकारी कागद आपल्या चालीनं जातात, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कंपनीनं मात्र आपल्या परीनं वर्गणी केली. साहेबांपासून लंगरच्या कुकपर्यंत सगळ्यांनी दिली. महिनाभरानं साहेबांनी मला बोलावलं.

"जाधव, बाजार का काम तुम जानते हो. उत्तम की बीवी के लिए घर का सामान लेना है. दिखावा नहीं, पक्का माल. बीस साल चले."

"जी साब."

ऑर्डर सोपी होती. मला वाटलं, हे आपल्याला येतं.

पहिल्या दिवशी आम्ही बेगम बाजारला गेलो. मी, सुनंदा आणि नागोराव. सुनंदा तेव्हा तेवीस वर्षांची असेल. ती दोघांच्या मागून चालायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. मी जाड बुडाची पातेली घेतली, झाकणाची रिंग कुठंही मिळेल असा कुकर घेतला, तांब्याच्या वाइंडिंगचा टेबल फॅन घेतला. प्रत्येक वस्तू दाखवून विचारत होतो, "ही चालेल ना?" ती मान हलवायची. नागोराव टीव्हीच्या दुकानांपुढं रेंगाळायचे. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "सायब, उत्तमनं कबूल केलं होतं. रंगीत. दिवाळीला आणतो म्हणला होता." मी म्हटलं, "बघू काका."

दुसऱ्या दिवशी शिलाई मशीन बघायचं ठरलं. साहेबांनाही तेच वाटत होतं, मलाही तेच. जवान गेला की त्याच्या बायकोला शिलाई मशीन, हे आम्हा सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी पायानं चालणारं, ओतीव लोखंडाचं मशीन निवडलं. चाक फिरवून बघितलं, आवाज ऐकला. दुकानदार आपणहून म्हणाला, "साब, ये पोती के शादी तक चलता."

सुनंदा हळूच म्हणाली, "भाऊ, मला शिवता येत नाही."

"शिकाल की."

"सुईत दोरा ओवते तर डोकं दुखतं मपलं."

नागोराव समोरच्या दुकानात टीव्हीची चौकशी करायला गेले होते. मी तिला शेजारच्या इराणी हॉटेलात नेलं. फॅमिलीसाठी पडदा लावलेला कोपरा होता, तिथं बसलो. चहा आला. तिनं कपाला हात लावला नाही.

"एक विचारू का? तुम्ही घेतलेल्या वस्तू किती वर्षं टिकतील?"

मला तो प्रश्न आवडला. मी खुशीतच म्हणालो, "नीट वापरल्या तर पंचवीस वर्षं काही बघायला नको."

ती टेबलाकडे बघत राहिली. "म्हणजे पंचवीस वर्षं मी त्याच घरात, तेच पातेलं घाशीत बसायचं. तसं मोजून घेतलंय होय सगळ्यांनी?"

मी चहा बशीत ओतला.

मग तीच बोलली, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबली नाही. "रागानं नाही म्हणत भाऊ. तुम्ही वस्तू किती मजबूत आहे ते बघता. ती माझ्याकडं राहील का, ते कुणी बघत नाही. लग्नात माझ्या बापानं पितळेचा बंब दिला होता, तो नणंदेच्या लग्नात गेला. स्टीलच्या दोन टाक्या होत्या, त्या चुलत सासऱ्याकडं गेल्या. हिसकावून कुणी नेलं नाही. ‘असू दे, तुला काय लागतंय,’ असं म्हणत म्हणतच गेलं. हे होते तवा ‘परत आणू’ म्हणायचे तरी. आता दिलीप भावजींचं लग्न ठरलंय. कुकर जाईल, पंखा जाईल, मशीनबी जाईल. चांगलं असतं तेच आधी जातं."

"मग काय घेऊ, सांगा."

"उचलून नेता येणार नाही असं काही."

मी विचार करत बसलो. कपाट? तेही दोन माणसं हलवतात. तेवढ्यात ती म्हणाली, "आमच्या शेजारच्या तेलुगू बाईची इडलीची बंडी आहे, हातगाडी. तिचं पीठ मी हातानं वाटून देते रोज, दगडाच्या रोळात. खांदे भरून येतात, पण पीठ चांगलं होतं. ती म्हणते, मशीन असतं तर चार बंड्यांचं पीठ तुलाच दिलं असतं."

संध्याकाळी मी साहेबांकडे गेलो आणि जे ऐकलं ते सांगितलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बीस साल मैंने कहा था. उसने नहीं." आणि सहीसाठी पुढचा कागद ओढला. ती परवानगी होती.

राणीगंजला यंत्रांची दुकानं आहेत, तिसऱ्या दिवशी मी आणि सुनंदा दोघंच तिथं गेलो. तिथल्या दुकानदारानं आधी एक लहान ग्राइंडर दाखवलं. "नया मॉडल है साब. प्लास्टिक का बॉडी. लेडीज लोगां अकेले उठा लेते."

"हल्का नक्को," सुनंदा म्हणाली. दुकानदाराशी ती माझ्याआधी बोलली, असं पहिल्यांदाच झालं.

मागच्या बाजूला एक मोठं ग्राइंडर उभं होतं. खाली लोखंडी घोडा, वर काळ्या दगडाचं भांडं, आत दगडी वरवंटा, बाजूला मोटर आणि पट्टा. मी पट्टा काढायला लावला, भांडं हातानं फिरवलं, बेअरिंगला कान लावला. पट्टा कुठं मिळतो, मोटर कोण भरून देतो, घरच्या लाइटवर चालेल का, सगळं विचारलं. मागे स्क्रू होते. सगळं उघडता येत होतं.

"और इसकू उठाने?" सुनंदानं विचारलं.

दुकानदार हसला. "इसकू हिलाने कू चार आदमी होना, अम्मा."

तिनं दगडावर हात ठेवला. "हे घ्या भाऊ."

ग्राइंडर ठेल्यावरून अंबरपेठला आलं. चार हमालांनी ते ओसरीवर चढवलं. गल्ली बघायला जमली होती. नागोराव दारात उभे होते. टीव्ही येणार असं त्यांनी शेजारी सांगितलेलं असावं.

"हे काय आणलं, सायब?"

"पीठ वाटायचं यंत्र, काका."

"माझं पोरगं गेलं, अन् तुमी घरात दगड आणला?"

मी फौजी उत्तर दिलं. "काका, ऑर्डर त्यांच्यासाठी आहे. त्यांनी जे मागितलं ते आणलं."

"मागितलं तिनं. कळतंय का तिला?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "पीठ विकणार ही. सायब, तुमी आमच्या घरी चहा पिता, मान्य आहे. पण आमच्या घरचं पीठ गल्लीतलं कोण घेईल? घरी नेऊन खाईल कोण? ते बघितलं का तुमी, मागं स्क्रू हायेत का बघताना?"

मी ते बघितलं नव्हतं. माझ्यासारख्याला ते बघायची वेळच कधी आली नव्हती.

सुनंदानं मुलीला कडेवर घेतलं होतं. ती सासऱ्यांना म्हणाली, "मामा, बंडीवाली घेते. बंडीवर खाणारे जात इचारीत नाहीत, चटणी इचारतात. गल्लीनं नाही घेतलं तर नाही. गल्लीच्या भरवशावर नाही आणलं मी."

"अन् टीव्ही?"

"टीव्हीबी आणू. पिठातून आणू."

नागोराव ओसरीच्या कडेला बसले. हमालांनी घाम पुसला आणि निघून गेले. मी बटण दाबून यंत्र सुरू करून दाखवलं. भांडं फिरायला लागलं, पण घोडा एका अंगाला किंचित थरथरत होता. ओसरीची फरशी सखल होती. नागोराव थोडा वेळ तो आवाज ऐकत राहिले. मग उठून आत गेले आणि पत्र्याचे दोन तुकडे आणि पाना घेऊन आले. "बंद करा," मला म्हणाले. घोड्याच्या पायाखाली पत्रा सारला, नट आवळले, पुन्हा सुरू करायला लावलं. थरथर थांबली. "आता चालंल," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. पहिले काही महिने एकच बंडी होती. मग दुसरी आली, मग तारनाक्याच्या एका टिफिनवाल्यानं रोजचं पीठ लावलं. गल्लीतल्या काही घरांनी कधीच घेतलं नाही. काही जण मागच्या दारानं डबा पाठवायचे आणि पुढच्या दारानं ओळख दाखवायचे नाहीत. सुनंदा दोघांनाही काही बोलली नाही. मोटर एकदा जळाली, ती मी भरून आणली. दगडाला दरवर्षी टाकी लावावी लागायची, ते नागोराव बघायचे. दिलीप वेगळा राहायला गेला तेव्हा कुकर आणि टेबल फॅन त्याच्याबरोबर गेले. टीव्ही आला, दोन वर्षांनी. रंगीत. नागोराव त्याच्यापुढं बसून बातम्या ऐकायचे, चित्राकडं फारसं बघायचे नाहीत. मुलगी शिकली, नोकरीला लागली. मराठी बोलते, पण वाचायला दिलं तर अडखळते.

मी रिटायर झाल्यावरही जाणं-येणं राहिलं. एकदा सुनंदाला विचारलं, "कसं चाललंय यंत्र?" म्हणाली, "यंत्राला काही नाही झालं भाऊ. मीच थकले." ती हसली, पण गंमत म्हणून बोलली नव्हती.

लोक अजूनही मला दुकानात घेऊन जातात. फ्रिज, वॉशिंग मशीन, काय काय. "काका, तुम्हाला कळतं, किती वर्षं टिकेल सांगा." मी मागची बाजू बघतो, स्क्रू बघतो. वर्षांचा आकडा मात्र सांगत नाही. ज्याला वापरायचं त्याला आधी विचारा, म्हणतो. लोकांना वाटतं म्हातारा टाळतोय.

ज्या वर्षी नागोराव फार थकले, त्या वर्षी पावसाळा सरताना ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सायब, मला ती जागा दाखवा." इतक्या वर्षांत ते तिथं गेले नव्हते. आम्ही बसनं गेलो. वस्ती आता पक्की झाली होती, दोन-दोन मजली घरं. कारखान्याच्या जागी फर्निचरचं दुकान होतं. कुठं काय होतं ते मी अंदाजानं दाखवलं. नागोराव टोपी काढून थोडा वेळ उभे राहिले.

एका ओट्यावर पन्नाशीचा एक माणूस बसला होता. आम्हाला असं उभं बघून त्यानं विचारलं, "किसकू ढूंढ रें?"

मी सांगितलं. पाणी आलं होतं, फौज आली होती, त्यातला एक जवान इथं गेला.

"हौ, हौ," तो म्हणाला आणि उठून उभा राहिला. "मेरी अम्मा कू उसीच निकाला. आखरी में. याद है मेरेकू. लंबा-चौडा फौजी था. ऐसा लंबा." त्यानं हात डोक्याच्या वर उंच नेला. "नाम नईं मालूम."

उत्तम बुटका होता. भरतीच्या वेळी उंचीच्या मापात जेमतेम बसला होता. कंपनीत सगळे त्याला त्यावरून चिडवायचे, आणि फॉल इनला तो कायम रांगेच्या शेवटी असायचा.

मी नागोरावांकडे बघितलं. ते त्या माणसाच्या वर गेलेल्या हाताकडे बघत होते.

"उत्तम," ते म्हणाले. "उत्तम नागोराव सोनकांबळे. मेरा बेटा."

त्या माणसानं नाव एकदा म्हणून बघितलं. सोनकांबळे त्याला नीट म्हणता आलं नाही. नागोरावांनी पुन्हा सांगितलं, त्यानं पुन्हा म्हटलं.

"बहोत लंबा था," तो म्हणाला.

"हौ," नागोराव म्हणाले. "लंबा था."